आवाज बदलायचा राहून गेला

एक आवाज माझा पिच्छा सोडत नाही. मी इतिहासाची प्राध्यापक. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि वर्गात त्याविरुद्ध बोलून बोलून माझा घसा बसलेला आहे. पण भर दुपारी, चंद्रपूरच्या उन्हात कूलर घरघरत असताना त्या घरघरीच्या आतून एक म्हातारी विचारते, "चालू झालं काय वो बाई तुहं मशीन?" मी उठते आणि कूलर बंद करते. मग घाम पुसत बसते. नवरा म्हणतो, अगं या उन्हात कूलर बंद करणारी तू जगात एकटीच असशील. मी त्याला काही सांगत नाही, कारण थोडं सांगून भागणार नाही.

थोडक्यात सांगायचं तर इतकंच. त्या म्हातारीने मला तिच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली आणि ती तिच्या मुलीला कळू द्यायची नाही, एवढी एकच अट घातली. मी अट मोडली. मुद्दाम नाही, पण मोडली. मुद्दाम केलं असतं तर निदान मला स्वतःला शिव्या देता आल्या असत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या कॉलेजात तेव्हा स्त्री अभ्यास केंद्र निघालं. केंद्र म्हणजे काय, तर लेडीज रूमच्या शेजारची अडगळीची खोली. खेळ विभागाचा मोडका कॅरम बोर्ड बाहेर काढून तिथे माझं टेबल आणि एक लोखंडी कपाट आत घातलं. स्टाफरूममधले पुरुष गंमत करायचे. "मॅडम, पुरुष अभ्यास केंद्र केव्हा काढता?" मी म्हणायची, "बाकीचं आख्खं कॉलेज दुसरं काय करून राह्यलं मग?" बल्लारपूरची पोर मी, कागद गिरणीच्या वासात वाढलेली. तिथे गप्प बसायला कोणी शिकवत नाही.

केंद्राला एक टेपरेकॉर्डर मिळाला होता. तो पिशवीत घालून शनिवार-रविवार मी एसटीने गावोगाव फिरायची. बायकांच्या तोंडून त्यांचं जगणं ऐकायचं, कॅसेटवर घ्यायचं, कपाटात नंबर लावून ठेवायचं. ज्यांचं कुणी काही लिहून ठेवलं नाही त्यांचा इतिहास, असं मी भाषणात म्हणायची. भाषण छान व्हायचं.

पहिल्या वर्षी कोणी धड बोललंच नाही. मी समोर बसून प्रश्न विचारायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग लक्षात आलं की हात रिकामा असला की ही बाई बोलत नाही. तिच्या हातात काम पाहिजे आणि आपल्याही. मग मी मोहफुलं वेचायला बसले, तेंदूपानांचे पुडे बांधायला बसले. शंभरातले ऐंशी माझे सुटायचे. माझ्या बेढब पुड्यांना हसता हसता बायका बोलायला लागायच्या.

ही म्हातारी धानोऱ्याच्या अलीकडच्या एका गावातली. गावाला लागून बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि काठाला ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, दहा-पंधरा घरं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकटी राहायची, झिंगे पकडायची, वाळवायची, बाजारात विकायची. पहिल्या दोन भेटींत तिने मला जाळं कसं विणतात, कोणत्या महिन्यात कोणता मासा चढतो, सारं सांगितलं. मी दिलेली बिस्किटं तिने कोंबड्यांना घातली. "हे का खाणं होय?" म्हणाली. मला ती फार आवडली.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघी अंगणात सुपात वाळके झिंगे निवडत होतो. दुपार होती. मी सवयीने विचारलं, लेकरं किती. ती म्हणाली, "एक पोट्टी हाये. मास्तरीण हाये. लगन करून देलं, दूर हाये." मी विचारलं, एकच झाली का? बस, एवढंच विचारलं होतं मी. सगळ्या बायकांना विचारते तेच.

तिचा हात सुपात थांबला. मशीनकडे पाहिलं तिने. मग पुन्हा निवडायला लागली आणि मान वर न करता बोलत राहिली.

"गावात लेकरं मरून राह्यली होती वो बाई. तापानं. माहंबी एक होतं, पोरगा, दूध पेत होता. तोबी गेला. माही धाकली जाऊ होती, तिचा नवरा बोडीत बुडून मेलेला. तिच्या पोटाशी सहा महिन्याची पोट्टी. पुजाऱ्यानं तिचं नाव घेतलं. म्हणे हेच करणी करते. गाव जमलं. पण घरच्यानं सांगावं लागते ना. मंग मले इचारलं. म्हणे तू एका घरात राह्यतस, ते रातच्यानं बाहेर जाते का नाई, तुले दिसलं असन. माह्या लेकराले चार दिस झाले होते जाऊन. माह्या डोक्यात जाळ होता. मी म्हनलं, हो. दिसलं."

"हं," मी म्हणाले. "मग?"

"काईच नव्हतं दिसलं वो. ते कुठी बाहेर जाईन? ते तर साऱ्या राती माह्याच पोराच्या उशाशी बसून होती. पाण्याची पट्टी ठेवत."

मग तिने सांगितलं की त्या जावेला गावाबाहेर हाकललं, मारत मारत. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरच्या मोहाच्या झाडाखाली सापडली. पोलीस-बिलीस काही नाही. गावातलं एकही घर असं नव्हतं, ज्यातलं कोणी त्या दिवशी तिथे नव्हतं. मग बोलणार कोण?

"पोट्टी घरातच राह्यली होती. झोपली होती. उठली न रडाले लागली. माह्या छातीत दूध होतं. घेतलं मंग."

सुपातला एक दगड तिने उचलून फेकला. म्हणाली, "ते मलेच माय म्हणते. माय मीच हावो. न तिची माय मीच मारली."

 टेपवर फक्त माझा श्वास आहे. पुढे तिचं वाक्य आहे: "माह्या नवऱ्यालेबी म्या नाई सांगतलं का मले काई दिसलं नव्हतं म्हणून. तू इचारलं न निघालं तोंडातून. माह्या पोट्टीले नोको कळू देजो. मी असतावरी तरी नोको." मी तिच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. तिने मला कागदात बांधून झिंगे दिले आणि बस चुकेल म्हणून हाकललं.

बसमध्ये मी रडले. आणि, आता खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला होता. इतकं मोठं काहीतरी कोणी मला सांगितलं म्हणून. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि कोणतं जास्त होतं ते मी कधी स्वतःला विचारलं नाही.

घरी येऊन कॅसेटवर नंबर टाकला. गावाचं नाव बदललं, बाईचं नाव बदललं, नोंदीत पार चंद्रपूरकडच्या मोहर्लीच्या बाजूचं एक खेडं असं लिहिलं. आमचा छापील अर्ज होता. अपत्ये: एक. मुलगी. विवाहित. व्यवसाय: शिक्षिका. नावाचा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. सांगणाऱ्या बाईला महत्त्व, बाकी गोतावळ्याशी आपल्याला काय करायचं, असं माझंच म्हणणं होतं. मीच तो अर्ज तयार केला होता आणि तीन वेळा दुरुस्त केला होता.

पुढच्या मे महिन्यात गडचिरोलीला शिक्षकांचं उजळणी शिबिर होतं. जिल्हाभरातून प्राथमिकचे, माध्यमिकचे शिक्षक गोळा केले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पकडून आणल्यामुळे सगळे करवादलेले. पंखे गरम हवा फेकत होते, मागच्या रांगेत दोघे-तिघे सरळ झोपलेले. इतिहासाच्या पुस्तकात बायका कुठे आहेत, हा माझा विषय. मी ठरवलं की यांना जागं करायचंच.

आधी सगळ्यांना कागद दिला आणि म्हटलं, तुमच्या पणजीचं नाव लिहा. कोणाला येईना. पणजोबाचं बऱ्याच जणांना आलं. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, कधी कधी नावसुद्धा बदलतं. मग कागदात ती सापडणार कशी? माहेरची बाई कागदावरून पुसली जाते आणि सासरची दुसरीच कोणी बाई उभी राहते. लक्षात ठेवा, यादी बघताना पहिली शंका यादीवरच घ्यायची.

हे बोलत होते तेव्हा माझ्या समोर टेबलावर शिबिराची हजेरीची यादी होती. सकाळी मीच ती वाचून हजेरी घेतली होती. त्यात तिसऱ्या रांगेतल्या एका शिक्षिकेचं नाव तिच्या नवऱ्याच्या आडनावाने होतं, आणि गाव म्हणून शाळेचं गाव होतं, सिरोंच्याकडचं. मी 'हजर' ऐकून खूण केली होती.

मग मी माइकसमोर टेप लावला. "गावात लेकरं मरून राह्यली होती वो बाई" इथपासून "घेतलं मंग" इथपर्यंत. तिथे बटण दाबून थांबवला, कारण त्याच्या पुढे तिची अट होती. तेवढी अक्कल होती मला.  झोपलेले उठून बसले होते. एका गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. माझी छाती फुगली हो, कशाला लपवू? वाटलं, शिकवणं म्हणतात ते हे.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे पंगतीकडे पळाले. ती तिसऱ्या रांगेतली शिक्षिका तेवढी थांबली. तिशीची असेल, सावळी, पर्स छातीशी धरलेली. माझ्याजवळ आली.

"मॅडम, हे बाई कुठली हाये?"

"मोहर्लीच्या बाजूची," मी म्हणाले. पाठच केलं होतं ते.

"तिकडं असं नाई बोलत," ती म्हणाली. मग म्हणाली, "अजून एकदा ऐकवता काय?"

मला वाटलं, किती मन लावून ऐकलं हिने! मी खुशीने टेप मागे फिरवला आणि चालू करून खिडकीशी पाणी प्यायला गेले. ती मशीनला कान लावून, वाकून उभी राहिली. "घेतलं मंग" झालं. मी बंद करायला वळले, पण ती मध्ये उभी होती. टेप पुढे चालत राहिला. दगड फेकल्याचा आवाज आला. "माय मीच हावो. न तिची माय मीच मारली." आणि मग ते. "माह्या पोट्टीले नोको कळू देजो."

तिने स्वतःच बटण दाबलं. किती तरी वेळ बटणावरचं बोट काढलं नाही.

"माही माय होय हे," ती म्हणाली.

 मी काय काय बोलले! नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, मला कल्पना नव्हती, यादीत सासरचं नाव होतं. बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय बोलते आहे ते. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. आवाज तसाच होता. ज्या आवाजाने तिला अंगाई म्हटली, हाका मारल्या, तो मी पन्नास माणसांत लाऊडस्पीकरवर लावला होता. असली चूक माझ्यासारख्या शहाण्या बाईलाच सुचते.

ती रडली नाही. पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "मॅडम, मायले सांगू नका मले कळलं म्हणून. ते म्हणते ना नोको कळू देजो. मंग मले नाई कळलं." मी हो म्हणाले. कॅसेट तिला द्यायला काढली. ती म्हणाली, "मी कुठी ठेवू?" आणि जेवायला गेली. दुपारच्या सत्रात ती आपल्या जागेवर होती, वहीत लिहून घेत होती.

तेव्हापासून माझ्याकडे दोन शब्द होते. आईला दिलेला, की मुलीला कळणार नाही. मुलीला दिलेला, की आईला कळणार नाही की मुलीला कळलं आहे. पहिला मोडला होता. दुसरा तरी पाळायचा, असं मी मनाशी घट्ट धरलं. म्हातारीच्या गावाला पुन्हा गेलेच नाही. धानोऱ्याची बस त्या फाट्यावर थांबायची तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायची. फाट्यावर कोणी बाई टोपली घेऊन चढली तर मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची.

आणि आवाज यायला लागला. पहिल्यांदा वर्गात आला. मी जमीनदारीवर शिकवत होते, फळ्यावर लिहिता लिहिता मागून ऐकलं, "काईच नव्हतं दिसलं वो." वळून पाहिलं तर पोरी माना खाली घालून लिहीत होत्या. पेपर तपासताना यायचा, बाजारात भाजी घेताना यायचा. झिंग्यांचा वास आला की हमखास. पण म्हातारीच्या आवाजाचं मी सहन केलं असतं. तिच्याबरोबर माझाही आवाज यायचा. "हं. मग?" इतका गोड, इतका लाडीगोडीचा, बाईच्या तोंडातून काढून घेण्यासाठी शिकलेला. तो ऐकला की मला माझीच किळस यायची. त्यानंतर मी मुलाखती घेतल्या, नाही असं नाही. पण 'मग' म्हणणं बंद केलं.

मुलगी अधूनमधून भेटायची. दुसऱ्या कुठल्या शिबिरात, कधी निवडणुकीच्या ड्यूटीच्या गर्दीत. मी घाबरत विचारायची, घरी जाते का गं? "जाते ना. पोळ्याले जाते, दिवाळीले जाते." एकदा म्हणाली, "माय डोक्याले तेल लावून देते मॅडम. मी खाली मुंडकं घालून बसते. तिचा हात थांबला का मले वाटते, आता सांगते. आता सांगते. मंग म्हणते, झालं, ऊठ." तिला राग येतो का, मी विचारलं. "लय येते," ती म्हणाली. "न तिची कीवबी येते. दोनी संगंच येते." मी प्राध्यापकी थाटात म्हणाले, वेळ आली की सांगतील त्या. ती हो म्हणाली. मी सांगितलं म्हणून हो म्हणाली असेल. शिक्षक माणूस, वरिष्ठांनी सांगितलं की हो म्हणायची सवय.

अशी सात-आठ वर्षं गेली असतील. मग एक पोस्टकार्ड आलं. त्या गावच्या अंगणवाडीच्या बाईच्या अक्षरात. 'आजींची तब्येत बरी नाही. त्यांनी सांगितले आहे की मॅडमनी मशीन घेऊन लवकर यावे. त्यांची मुलगी रजा काढून आलेली आहे.'

ते कार्ड वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. मुलगी आलेली आहे. मशीन घेऊन या. म्हणजे मुलीने सांगितलं. म्हणजे म्हातारीला कळलं की मी भर सभेत तिचं काळीज उघडं केलं. आता ती मशीन माझ्या डोक्यात घालणार, गावासमोर विचारणार, की बाई, शब्द दिला होता ना तू? मी काय तोंड दाखवणार होते? तिने एकदा गावासमोर उभं राहून खोटं सांगितलं होतं. मला गावासमोर उभं राहून खरं सांगायचं होतं, आणि माझ्यात तेवढी धमक नव्हती.

आठवड्याने कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. अंगणवाडीच्या बाईनेच तालुक्याच्या एसटीडीवरून केला होता. क्लार्कने चिठ्ठी आणून दिली: लवकर या, आजी वाट पाहतात. त्याच आठवड्यात कॉलेज तपासायला कमिटी यायची होती. सगळं कॉलेज रंगवून काढलं होतं, फाइली नव्याने बांधल्या होत्या, माझं केंद्र अडगळीच्या खोलीतून वरच्या मजल्यावर नेलं होतं. कपाटातल्या कॅसेटी नंबरवार मांडून ठेवल्या होत्या. मी निरोप पाठवला की कमिटी झाली की येते. कमिटी आली, चहा-नाश्ता झाला, मी माझ्या बायकांबद्दल बोलले. अहवालात त्यांनी लिहिलं की केंद्राने ग्रामीण स्त्रियांशी विश्वासाचं नातं जोडलं आहे. प्राचार्यांनी ती ओळ मला वाचून दाखवली. त्यानंतरही मी गेले नाही.

महिन्याभराने मुलगी आली. तेरवी करूनच आली होती. मी तिला नव्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.  म्हणाले, कळलं मला. खरं तर तिच्या तोंडाकडे पाहूनच कळलं होतं.

ती सावकाश बोलत होती, मध्येच शाळेतलं बोलायची, मध्येच घरचं. "मायनं मला बोलावून घेतलं. मी रजा काढली. पहिल्याच दिवशी म्हणे, तुले एक गोष्ट सांगाची हाये. पण माह्या तोंडातून दुसऱ्यांदा नाई निघत. त्या बाईपाशी मशीनीत हाये. ते येते, मंग आपण दोघी बसून ऐकू. तू माह्याजवळच बसजो म्हणे, उठून नोको जाजो."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि मी चिडले. हो, तिच्यावर चिडले! माणूस सापडला की चिडतो. म्हणाले, "अगं, मग तू तरी सांगायचं ना तिला, की मला माहीत आहे! मी नाही आले तर नाही आले. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

 तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"दोन-तीन डाव आलं होतं तोंडावर," ती म्हणाली. "पण मी म्हनलं असतं का मले ठाव हाये, तर तिनं इचारलं असतं, कसं? मंग तुमचं नाव आलं असतं. तिचा लय भरोसा होता मॅडम तुमच्यावर. म्हणे, इतके वर्स झाले, त्या बाईनं कोणापाशी तोंड नाई उघडलं. तो भरोसा तोडून मी तिले वाटेले लावू काय? मी म्हनलं, मॅडम येतीन. त्या आल्या का आपण पहिल्यांदाच ऐकून राह्यलो असं करू. तिच्या गळ्यात पडू."

खाली मैदानात पोरं खो-खो खेळत होती. ती खिडकीकडे पाहून बोलत होती.

"अकराची बस यायची तर म्हणे, पाहून ये. मी फाट्यावर जायची. येऊन सांगायची, आज नाई. मंग तीनच्या बसले. शेवटी शेवटी तिले बोलता नाई येत होतं, तरी हॉर्न वाजला का माह्याकडं पाहे. तिले वाटे मले काईच ठाव नाई. न मले वाटे, आता तरी येतीन."

 मग एकदम, वर्गात एखाद्या पोराने खरंच समजलं नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्ही काऊन नाई आल्या मॅडम?"

मी जन्मभर बायकांना प्रश्न विचारले आणि त्यांनी मला खरी उत्तरं दिली. माझं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मला वाटलं तुझ्या आईला माझी लबाडी कळली. मी घाबरले. मला माझी पत सांभाळायची होती. एवढंच बोलायचं होतं.

"कॉलेजला कमिटी येणार होती," मी म्हणाले.

"असं काय," ती म्हणाली. पर्स उचलली, साडी नीट केली. तिची सिरोंच्याची बस होती. दाराशी जाऊन वळली, आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "होते असं. आमच्याकडंबी तपासणी असली का रजाच नाई भेटत."

मी मान हलवली.